बॅलन्स रॉड आणि केळीचे डाग

आमची माय दोन वर्षं गाडीत बसली नव्हती. मी गाडी बाहेर काढली की ती दाराच्या चौकटीला धरून उभी राहायची आणि म्हणायची, "तू जाय भाऊ, मी आठेच बरी शे." मुलाला भाऊ म्हणायची आमच्याकडची रीतच आहे. मी पन्नाशी ओलांडली तरी तिच्यासाठी भाऊच.

दोष तिचा नव्हता. तिच्या कानात बिघाड झाला होता. डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून सांगितलं, की कानाच्या आत बारीक नळ्या असतात, त्यात पाणी असतं, आणि तिथले कणभर खडे जागचे सुटले की डोकं जरा कललं तरी सगळं जग गरगर फिरायला लागतं. मी जळगावात चटईच्या कारखान्यात मशीनच्या देखभालीचं काम करतो. पाणसळ ठेवून मशीनचे पाय समतल करण्यात माझी हयात गेली. माणसाच्या कानात देव जन्मतःच एक पाणसळ बसवून देतो, हे मला त्या दिवशी कळलं, आणि मी तो कागद हातात धरून तसाच बसून राहिलो. डॉक्टरांना वाटलं मी घाबरलो. मी घाबरलो नव्हतो, मला नवल वाटत होतं. एवढ्याशा पाण्याच्या भरवशावर आपण चालतो, धावतो, जिने उतरतो!

औषधानं आणि व्यायामानं माय घरात हिंडू-फिरू लागली. मेहरूण तलावाच्या कडेनं सकाळी एक फेरीही मारायची. पण गाडीचं नाव नको. माझी गाडी जुनी, अरुंद आणि उंच. चढायला-उतरायला सोपी म्हणून मुद्दाम मायसाठी घेतलेली. पण ती वळणावर अशी कलायची की खिडकीतल्या माणसाला रस्ता जवळ आल्यासारखा वाटावा. शेवटच्या वेळी माय बसली तेव्हा तिनं एरंडोलच्या आधीच गाडी थांबवायला लावली होती आणि रस्त्याच्या कडेला डोळे गच्च मिटून जमिनीला दोन्ही हात टेकून बसली होती. ते मी विसरू शकत नाही.

एरवी मी म्हटलं असतं, नको तर नको. पण आमची कानबाई, म्हणजे खान्देशात घरोघरी पुजली जाणारी देवी, धुळ्यापलीकडच्या गावी, धाकट्या काकांच्या घरी बसते. श्रावणातल्या त्या रविवारी सगळी भावकी गोळा होते, प्रत्येक घर रोटासाठी, म्हणजे देवीच्या नैवेद्यासाठी, आपल्या वाट्याचे गहू आणतं. आमच्या घरात कानबाई म्हणून पुजायचा नारळ पिढ्यानपिढ्या तोच आहे. थोरल्या सुनेनं तो काढायचा, त्याला नथ घालून सजवायचं, आणि सोमवारी सकाळी डोक्यावर घेऊन नदीवर नेऊन परत आणायचं. ती थोरली सून म्हणजे माय. दोन वर्षं ती गेली नाही. धाकट्या काकूनं नारळ काढला, पण तिच्या परवानगीनं, दर वेळी फोन करून. या वर्षी आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, झाली आणि माय जेवता जेवता म्हणाली, "यंदाबी जमनं नही ते नारळ कायमना धाकलीले दी टाक."

ती रडली वगैरे नाही. भाकरीचा तुकडा मोडून खात राहिली. पण बायकोनं माझ्याकडे पाहिलं आणि मी ताट सरकवलं. रेल्वेनं जायचं तर चाळीसगावला उतरून जिने चढायचे आणि पुढं गाव गाठायला पुन्हा गाडी आलीच. बसचं तर विचारूच नका. म्हणजे करायचं ते माझ्या गाडीचंच करायचं होतं, आणि श्रावणाच्या आत.

धुळ्यात एक कारागीर आहेत. ट्रकच्या कमानीचे पाटे बनवतात, जुने वाकवून सरळ करतात. त्यांच्याकडे गाडी दुरुस्तीच्या खड्ड्यावर घेतली आणि त्यांनी मला खाली बोलावलं. पुढच्या दोन चाकांच्या मध्ये, आडवा, दोन्ही टोकांना वाकवलेला एक दांडा दाखवला. बॅलन्स रॉड. मी तो आधी पाहिला होता, पण कधी त्याच्याकडे बघितलं नव्हतं. त्यांनी जॅक लावून दोन्ही चाकं एकदम उचलली, तर दांडा आपल्या रबरात नुसता फिरला. मग एकच चाक उचललं. आता दांडा पिळला जायला लागला आणि त्या चाकाला खाली दाबायला लागला. म्हणजे गाडी दोन्ही पायांवर सारखी उठली तर हा काही बोलत नाही, एका कुशीवर झुकू लागली की अडवतो. ना तार, ना सेल, ना कसला कॉम्प्युटर. एक लोखंडाचा दांडा, आणि त्याला सरळ उठणं आणि कलणं यांतला फरक कळतो! मी खड्ड्यातच उभा राहून तो प्रयोग त्यांना तीनदा करायला लावला. तिसऱ्यांदा त्यांनी माझ्याकडे जरा विचित्र नजरेनं पाहिलं.

माझ्या गाडीचा दांडा अठरा मिलिमीटरचा निघाला. मागच्या ॲक्सलला तर दांडाच नव्हता.

जाडी किती घ्यायची हा प्रश्न मी घरी घेऊन आलो. फोनवर वाचलं की पिळाला विरोध करायची ताकद जाडीच्या चौथ्या घातानं वाढते. म्हणजे जाडी स्वतःशीच चार वेळा गुणायची. अठराचे वीस केले तर दीडपट, बावीस केले तर सव्वादोन पट. मला हे पटेना. चार मिलिमीटर म्हणजे किती? दोन तांदळाचे दाणे शेजारी आडवे ठेवा, तेवढे. मी कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत एकाच पोलादाचे दोन दांडे, एक अठराचा आणि एक बावीसचा, आळीपाळीनं शिकंज्यात धरले, टोकाला हातभर पट्टी बांधली आणि पट्टीला तेच वजन टांगून ती किती खाली येते ते मोजलं. बावीसचा दांडा अठराच्या निम्म्याहूनही कमी पिळला. मी व्हर्नियरनं पुन्हा जाडी मोजली, वजन पुन्हा टांगलं. तेच. तीस वर्षं मी लोखंडाशी बोलतोय आणि त्यानं ही गोष्ट मला कधी सांगितली नव्हती. त्या दुपारी माझा डबा तसाच घरी परत आला.

इथं माझा स्वभाव आडवा आला. मला जे पटतं ते मला सगळंच्या सगळं हवं असतं. मी कारागिराला सांगितलं, बावीसचा करा.

"भाऊ, बावीसना जाड व्हई," ते म्हणाले. "वीसना टाका, आनि मांगे एक बारीक. गाडी शे ती, रणगाडा नही."

मी त्यांना चौथा घात समजावून सांगायला लागलो. त्यांनी ऐकून घेतलं, मान हलवली आणि भट्टीकडे गेले. शहाण्याला शब्दाचा मार म्हणतात. माझ्यावर शब्द वाया गेला.

बावीसचा दांडा बसला आणि गाडी ओळखू येईना. मेहरूणच्या वळणावर बायकोला फोन घेऊन उभं केलं आणि तिच्यासमोरून गाडी वळवली. दांडा बदलण्याआधी असाच काढलेल्या व्हिडिओत गाडी कुशीवर होत होती, आता ताठ. फक्त वळवताना नाक थोडं बाहेर ओढत होतं, स्टिअरिंग जास्त फिरवावं लागत होतं. मी ते मनावर घेतलं नाही. धुळ्याचा महामार्ग नवा, गुळगुळीत, त्यावर पारोळ्यापर्यंत जाऊन आलो आणि घरी येऊन मायला म्हटलं, चल.

ती बसली. मला वाईट वाटू नये म्हणून बसली, हे आता कळतं. तलावाला एक वळसा घातला. वळणावर तिनं काहीच केलं नाही आणि मी मनात फुगलो. मग पाइपलाइनसाठी खणून बुजवलेला सरळ रस्ता लागला, आणि आरशात पाहतो तर तिनं डोळे मिटले होते आणि दोन्ही हातांनी पुढची सीट धरली होती. घरी उतरल्यावर म्हणाली, "चांगली व्हयनी गाडी." आणि भिंतीला धरून धरून आत गेली. संध्याकाळी तिनं काकूला फोन लावला. नारळ कुठल्या कापडात गुंडाळायचा, नथ कुठल्या डबीत आहे, ते सगळं सांगत होती. मी बाहेर पायरीवर बसून ऐकत होतो आणि मला स्वतःचा इतका राग आला की काही विचारू नका.

त्याच आठवड्यात फैजपूरला बहिणीकडे गेलो. तिचे चुलत सासरे, सगळे त्यांना नाना म्हणतात, आयुष्यभर ट्रकमध्ये केळी भरत आले. परतताना नानांनी पिवळी पडायला लागलेली चार फण्या केळी माझ्या मागच्या सीटवर ठेवली. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतो तर सगळ्यांवर काळे डाग. मी आधीच चिडलेला. बहिणीला फोन करून म्हटलं, तुमच्याकडची केळी काही खरी नाहीत.

तासाभरात बहिणीचा फोन. "दादा, नाना म्हणतात ती केळी घेऊन या. आत्ता या."

बहिणीच्या सासरी भावानं आवाज चढवायचा नसतो. वाट्टेल ते झालं तरी "हो हो" म्हणून चहा प्यायचा असतो. त्यामुळे त्याच दिवशी मी डाग पडलेली केळी घेऊन गेलो खरा, पण वाटभर जे बोलायचं ते सगळं गाडीतच बोलून घेतलं.

नानांनी ओट्यावर फणी उलटी-सुलटी करून पाहिली. एकेका केळावरून अंगठा फिरवला. मग चष्मा काढला. त्यांच्या बोलीत केळीची केयी होते आणि वळणाचं वयन.

"पाव्हणे, केयी खोटं बोलत नही. वयनाचा डाग एका अंगाले रायतो, माल ज्या अंगाले कलते त्या अंगाले. हे पाहा. बारीक डाग, दोन्ही गालाले. तुमची गाडी कललीच नही. सरय रस्त्यावर माल झटकत आली."

मी फणी हातात घेऊन एकेका केळाचे दोन्ही गाल पाहिले.

नानांनी मग सांगितलं, की ट्रक दिल्लीला पोचला की तिथला व्यापारी डाग पाहून सांगतो ड्रायव्हर कसा आहे, कमानी कडक आहेत की ढिल्या, रस्ता कुठं खराब होता. नानांनाही ते सांगता येतं. माझ्याकडे व्हर्नियर होतं, फोन होता, चौथा घात होता. त्यांच्याकडे केळ्याची साल होती आणि अंगठा होता. आणि त्यांनी जे वाचलं ते माय सांगू शकली नव्हती, किंवा तिनं सांगितलं नव्हतं. मी बसल्या जागी त्यांच्या पाया पडलो. बहिणीला वाटलं निघायची घाई झालीय.

सगळं डोक्यात जुळलं. दांडा दोन्ही चाकांना बांधून ठेवतो. वळणावर हे बरं. पण सरळ रस्त्यावर एकाच चाकाखाली खड्डा आला, तर जाड दांडा तो धक्का दुसऱ्या बाजूलाही पोचवतो, आणि गाडी डावी-उजवी झटके मारते. मी मायचं कलणं थांबवलं आणि तिचं डोकं सुपातल्या दाण्यासारखं पाखडत ठेवलं. अति तिथं माती, दुसरं काय!

धुळ्याला गेलो. कारागीर मला पाहून हसले नाहीत, याबद्दल मी त्यांचा जन्माचा ऋणी आहे. पुढं वीसचा दांडा केला. मागं सुरुवातीला काही नाही. आणि मोजायला आता केळी. मागच्या सीटवर गोधडी अंथरायची, वर नानांनी निवडून दिलेल्या फण्या, आणि जो रस्ता मायला जायचा आहे तोच पूर्ण रस्ता, महामार्ग आणि नंतरचा गावचा काळ्या मातीतला खडबडीत रस्ताही. गावात चुलत भाऊ म्हणाले, "मायले नही आनं, केया फिराले लयनात का?" मी म्हटलं, हो. पहिल्या खेपेला दुसऱ्या दिवशी डाग पडले, पण एकाच अंगाला. म्हणजे झटके गेले, थोडं कलणं उरलं. मग मागं सोळाचा बारीक दांडा लावला. आणि इथं आणखी एक नवल. मागचा दांडा लावला आणि पुढचं नाक वळायला लागलं! वळणावर गाडी आता बाहेर ओढत नव्हती, हात फिरवला की फिरत होती. पुढचं काम मागच्यानं केलं. पुढच्याला एकट्याला जाड करत बसलो होतो तेव्हा मला हे सुचलंच नव्हतं.

घरात तोवर शिकरण, केळ्याची कोशिंबीर, केळ्याचे वडे, सगळं झालं होतं. बायको म्हणाली, "अजून एक दांडा बदललात तर मी माहेरी जाईन, आणि माझं माहेर केळीच्या पट्ट्यात नाही, बरं का." त्या शेवटच्या खेपेची केळी मी टेबलावर मांडली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी उठून दिव्याखाली एकेक पाहिली. पिवळी. एका केळ्याच्या टोकाला एक ठिपका होता, तो बायको म्हणाली तिच्या बोटाचा.

मायला मी या वेळी काही सिद्ध करून दाखवलं नाही. नुसतं एक निर्मळ केळं तिच्या हातात दिलं आणि सांगितलं, की हे गावापर्यंत जाऊन आलंय. तिनं ते फिरवून फिरवून पाहिलं. ती केळीच्या मुलखातली नाही, पण खान्देशातलीच आहे. सोलून खाल्लं आणि म्हणाली, "रविवारे जाऊत."

रविवारी सकाळी निघालो. माय मागं, मांडीवर गव्हाचा डबा. मी पुढं, आणि माझे डोळे अर्धे रस्त्यावर, अर्धे आरशात. पहिल्या वळणाला तिनं दाराची मूठ धरली. दुसऱ्याला धरली. नंतरच्या वळणाला तिचा हात मुठीकडे गेला आणि तिथून परत डब्यावर आला. मला श्वास घ्यायची आठवण झाली. पुढं बायकोनं माझ्या दंडाला हात लावला आणि मागं बघायची खूण केली. माय झोपली होती. मान सीटला टेकलेली, तोंड जरासं उघडं, आणि डोकं, ज्याच्यासाठी मी एवढा आटापिटा केला ते डोकं, जिथल्या तिथं. बाहेर कपाशीची शेतं वळत होती, रस्ता वळत होता, आणि तिच्या कानातलं ते थेंबभर पाणी शांत होतं. गाडीखाली दोन दांडे पीळ खात होते, सुटत होते, आणि तिच्यापर्यंत त्यातलं काही पोचत नव्हतं. माझे डोळे भरून आले. मी कुणाला दिसू दिलं नाही असं म्हणतो, पण बायकोनं रुमाल दिला.

खूप वेळानं मागून आवाज आला, "एरंडोल उनं का?"

"धुळं उनं, माय," मी म्हटलं.

ती काच खाली करून बाहेर पाहत राहिली.

नारळ तिनंच काढला. नथ तिनंच घातली. सोमवारी सकाळी कानबाई डोक्यावर घेऊन ती नदीकडे निघाली तेव्हा काकू तिच्या कोपराला धरून चालत होती. उतार ओबडधोबड होता, पावसानं चर पडलेले. मायचे पाय वर-खाली होत होते, कंबर एकदा इकडे, एकदा तिकडे जात होती, पण डोक्यावरची कानबाई हलत नव्हती. मी मागून चालत होतो आणि मला वाटलं, हिचं घरातलं वजन मी आयुष्यभर पाहिलं, पण हिची ही तोलाची कला आज पहिल्यांदा बघतोय. नदीवरून परत आल्यावर काकूनं हळूच विचारलं, की पुढच्या वर्षी नारळाचं कसं करायचं.

"काब्र?" माय म्हणाली. "गाडी शे ना आते."

निघायच्या वेळी ती हळदी-कुंकवाची वाटी घेऊन गाडीजवळ आली. मला वाटलं बॉनेटला लावेल. तिनं विचारलं, "तो दांडा कोठे शे?" मी म्हटलं, खाली, चाकांच्या मध्ये. ती वाकायला गेली आणि थांबली, कारण वाकलं की तिला अजूनही फिरतं. तिनं वाटी माझ्या हातात दिली. सगळी भावकी ओट्यावर उभी होती. मी नव्या कपड्यांत ओल्या मातीवर पाठ टेकून गाडीखाली सरकलो आणि चिखलानं माखलेला वीसचा दांडा अंगठ्यानं पुसला. वरून मायचा आवाज आला.

"दोन्ही बाजूले लाव रे भाऊ. एकच बाजूले लावशी ते दुसरी रुसी जाई."